काशीचे घाट

ज्या मराठी घरांत मुंज होते त्या घरांतला मुलगा काशीला पहिल्यांदा निघतो तो आठव्या-दहाव्या वर्षीं. सोडमुंजीच्या दिवशीं हातांत छत्री व काठी, पायांत नव्या वहाणा आणि खांद्यावर लहानशी झोळी घेऊन बटु मांडवाबाहेर पडतो व आपण विद्येसाठीं काशीला चाललों असें सांगतो. चार पावलें गेला न गेला तोंच मामा आडवा येतो, आपली मुलगी देण्याचें वचन देतो आणि बटूला परत फिरवितो. मंडळी हंसतात, पंगत बसते, आणि काशी मागें राहते ती राहतेच. पुढें चाळीस-पन्नास वर्षें काशीचें नांव निघतें तें नवसाच्या, श्राद्धाच्या किंवा देवघरांतील गंगेच्या गडूच्या निमित्तानें. संसाराचीं ओझीं उतरलीं म्हणजे मग केव्हां तरी ती वाट पुन्हा आठवते. एका टोंकाला विद्या आणि दुसऱ्या टोंकाला मरण, अशी काशी मराठी माणसाच्या आयुष्याला दोन्हीं बाजूंनीं बांधलेली आहे.

अलीकडे मधल्या वयांतहि पुष्कळ लोक काशीला जाऊं लागले आहेत. आगगाडी मुंबईहून दिवस-सव्वा दिवसांत पोंचविते. विमानाला तर दोन-अडीच तास पुरतात. हाताशीं दोन दिवसांची सवड असते. विश्वनाथाचें दर्शन, दशाश्वमेधावरील संध्याकाळची आरती, एखादा बनारसी शालू, आणि परतीचा प्रवास. घरीं आल्यावर कोणी विचारलें, "काशींत काय पाहिलें?" तर उत्तर बहुधा एकाच शब्दाचें येतें: "गर्दी!" उत्तर खोटें नाहीं. परंतु ज्या पायऱ्यांवरून हा यात्रेकरू नदींत उतरला त्या कोणीं बांधल्या, ज्या देवळाच्या दारांत तो तीन तास उभा राहिला तें कोणाच्या द्रव्यानें उभें राहिलें, हें विचारावयाचें राहून गेलेलें असतें. विचारलें असतें, तर त्याला आपल्याच घरच्यांचीं नांवें ऐकूं आलीं असतीं.

काशी पाहावी ती पहाटे, नावेंतून, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे. त्याला कारण आहे. हिमालयांतून निघून पूर्वसमुद्राकडे जाणारी गंगा काशीपाशीं वळते आणि कांहीं अंतर उत्तरेकडे वाहते. येथील पश्चिम तीर उंच व कंकरमिश्रित घट्ट मातीचा. पूर्व तीर सखल व वाळूचा, पावसाळ्यांत पाण्याखालीं जाणारा. म्हणून शहर वसलें तें एकाच तीरावर. दक्षिणेस असी व उत्तरेस वरणा हे दोन प्रवाह गंगेस मिळतात, आणि त्या दोहोंवरून वाराणसी हें नांव पडलें असें परंपरा मानते. त्यांच्यामध्यें सुमारें साडेसहा किलोमीटरांची चंद्रकोरीसारखी वळलेली तीररेषा आहे व तिच्यावर चौऱ्यायशींच्या जवळपास घाट आहेत. समोर वस्ती नसल्यामुळें सूर्य वाळूवर उगवतो आणि त्याचा पहिला प्रकाश कोठेंहि न अडतां सर्व घाटांवर एकदम पडतो. पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य देणाऱ्याला याहून सोयीची जागा निसर्गानें क्वचितच कोठें करून दिली असेल.

काशीला जगांतील अतिप्राचीन नगरांत गणतात, व तें साधार आहे. उत्तरेकडील राजघाट येथें १९४० मध्यें रेल्वेच्या कामांत प्राचीन अवशेष उघडे पडले. पुढें बनारस हिंदु विश्वविद्यालयानें तेथें जें उत्खनन केलें त्यावरून येथील वस्ती ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास सुरू झाली असें दिसून आलें. परंतु नावेंतून पाहणाऱ्याच्या दृष्टीला जें पडतें, त्यांत अकबराच्या काळाहून जुनी अशी इमारत जवळजवळ नाहीं. घाट, वाडे, शिखरें, बहुतेक सर्व गेल्या चारशें वर्षांतलें. त्यांतहि मोठा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला व एकोणिसाव्याच्या प्रारंभींचा. स्वाऱ्यांनीं देवळें पाडलीं, नदीनें कांठ खाल्ले, आणि दर पिढीनें पुन्हा बांधलें. मग प्राचीन तें काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर एका पैठणकरानें देऊन ठेविलें आहे. सोळाव्या शतकांत रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे त्या काळच्या काशींतील पंडितांत अग्रगण्य झाले. १५८५ च्या सुमारास तोडरमल्लाच्या साह्यानें विश्वेश्वराचें देऊळ पुन्हा उभें राहिलें, तें ह्या नारायणभट्टांच्या पुढाकारानें. प्रयाग, काशी व गया ह्या तीन क्षेत्रांवर त्यांनीं 'त्रिस्थलीसेतु' नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं एक अत्यंत व्यावहारिक शंका घेतली आहे. परक्या सत्तेच्या बळामुळें विश्वेश्वराचें लिंग मूळ जागीं नसेल, तर भाविकानें करावें काय? त्यांचा निर्णय असा कीं, लिंग नसलें तरी त्या जागेला नमस्कार करावा आणि प्रदक्षिणा घालावी. पूजा जागेची व्हावी. देऊळ बांधून घेणाऱ्या माणसानेंच तें पडण्याची तजवीजहि करून ठेविली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. १६६९ मध्यें औरंगजेबाच्या हुकुमानें तें देऊळ पाडण्यांत आलें. जागेची पूजा मात्र थांबली नाहीं.

ह्याच भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टांनीं १६१२ मध्यें 'निर्णयसिंधु' लिहिला. महाराष्ट्रांतील श्राद्धांचे व सणावारांचे निर्णय पुढें शतकानुशतकें त्याच्या आधारानें होत राहिले. आणि नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट हे १६७४ मध्यें रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे मुख्य आचार्य होते. पैठणची विद्या काशीला गेली, आणि शंभर-दीडशें वर्षांनीं राज्याभिषेकाचा विधि घेऊन सह्याद्रींत परत आली.

नाव असीघाटावरून सुटते. पहिलाच मोठा घाट लागतो तो तुलसीघाट. तुलसीदासांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें येथें काढलीं व १६२३ मध्यें येथेंच देह ठेविला. ह्या घाटाशीं अलीकडच्या काळांतील एका विलक्षण पुरुषाचें नांव जोडलेलें आहे. वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत. त्याचबरोबर विश्वविद्यालयांत जलशास्त्राचे प्राध्यापक. नित्य पहाटे ते गंगेंत स्नान करीत, आणि त्याच गंगेच्या पाण्यांत मैलाजन्य जंतु किती आहेत हें मोजवून जगाला सांगत. त्यासाठीं त्यांनीं १९८२ मध्यें संस्था स्थापिली व घाटावर प्रयोगशाळा चालविली. भक्ताला गंगा पवित्र, आणि शास्त्रज्ञाला तिचें पाणी दूषित; दोहोंपैकीं एकहि गोष्ट त्यांनीं नाकारली नाहीं. आईला कोणी "तूं घाण आहेस" असें म्हणत नाहीं, पण ती आजारी असतां डोळे मिटून बसणें हेंहि लेकराचें काम नव्हे, असा त्यांच्या आचरणाचा अर्थ होता. १९८६ मध्यें गंगा शुद्ध करण्याच्या सरकारी योजनेचा आरंभ काशींतच झाला; २०१८ मध्यें दीनापूर येथें दररोज चौदा कोटि लिटर सांडपाणी शुद्ध करण्याचें केंद्र सुरू झालें. मिश्र २०१३ मध्यें निवर्तले. आचमनासाठीं ओंजळ भरतांना हा माणूस आठवला, तर तें आचमन अधिक जाणतें होईल.

पुढें चेतसिंगाचा किल्ला येतो. १७८१ मध्यें वॉरन हेस्टिंग्जनें काशीच्या राजाला, म्हणजे चेतसिंगाला, येथें अटकेंत ठेविलें. तेव्हां दंगल उसळली व राजा नदीकडील खिडकींतून पागोट्यांच्या दोराला धरून नावेंत उतरला आणि निसटला. त्यानंतर हरिश्चंद्रघाट, दोन स्मशानघाटांपैकीं हा एक. त्यापलीकडे केदारघाट, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तेथें दाक्षिणात्य यात्रेकरूंची वर्दळ असते व तामिळ शब्द कानीं पडतात. बंगाली, नेपाळी, गुजराथी, तेलंगी, प्रत्येक प्रांतानें काशींत आपापला कोपरा करून ठेविला आहे.

केदारघाटाच्या पुढें मराठी नांवें लागूं लागतात. राजाघाट पेशव्यांच्या घराण्यांतील अमृतराव यांच्याशीं निगडित आहे. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुनशी यांनीं १८१२ मध्यें बांधलेला मुनशीघाट हा शिल्पाच्या दृष्टीनें सर्वांत देखण्या घाटांपैकीं एक. त्याचा एक भाग पुढें दरभंग्याच्या राजानें घेतला. त्याच्या शेजारीं अहिल्याबाईंचा घाट. मग दशाश्वमेध, तो पक्का बांधला गेला बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या काळीं, १७४८ च्या सुमारास. आणखी पुढें शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट, ग्वाल्हेरचा घाट. भिंतींवर घाटांचीं नांवें ठळक अक्षरांत रंगविलेलीं असतात. नावेंत बसल्याबसल्या तीं वाचीत जावें.

ह्या नांवांमागें एक इतिहास आहे, व तो केवळ अभिमानाचा नाहीं. काशी व प्रयाग हीं क्षेत्रें आपल्या ताब्यांत यावींत, ही पेशव्यांची मोठी इच्छा होती. त्यासाठीं पत्रें गेलीं, मसलती झाल्या. परंतु काशी मराठ्यांच्या राज्यांत कधींच आली नाहीं. १७६१ मध्यें पानिपत झालें. १७७५ मध्यें काशीचा मुलूख अयोध्येच्या नबाबाकडून इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. अहिल्याबाई होळकरांनीं विश्वनाथाचें सध्यांचें देऊळ बांधलें तें त्यानंतर, १७८० मध्यें. म्हणजे जेथें त्यांची सत्ता चालत नव्हती अशा शहरांत, मशिदीच्या शेजारच्या जागेवर, आपल्या खाजगीच्या द्रव्यांतून. तलवारीला जें साधलें नाहीं तें खर्चाच्या वहीनें साधलें. पराभवाच्या नंतरच्या पन्नास वर्षांत मराठ्यांनीं काशींत जेवढें बांधलें तेवढें विजयाच्या दिवसांतहि बांधलें नव्हतें. ही गोष्ट शाळेंतल्या इतिहासांत क्वचितच सांगितली जाते. घाटांचे दगड मात्र ती सांगत उभे आहेत.

दशाश्वमेधाला लागूनच मानमंदिराचा घाट आहे. अंबरच्या मानसिंहाचा हा वाडा सतराव्या शतकाच्या आरंभाचा. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकांत सवाई जयसिंहानें वेधशाळा केली. दिल्ली व जयपूर येथील यंत्रांहून येथील यंत्रें लहान, परंतु विटा-चुन्याच्या भिंतीच्या सावलीवरून वेळ व ग्रहांची स्थिति काढण्याची युक्ति तीच. खालीं स्नानाचा मुहूर्त विचारणारे लोक, आणि वर तो मुहूर्त आकाशांत मोजण्याचीं साधनें, असा मेळ येथें पडलेला आहे.

नाव क्षणभर घाटाला लावून विश्वनाथाकडे जावें. ह्या देवळाच्या शिखरांवरील सोनें पंजाबच्या रणजितसिंगानें १८३५ च्या सुमारास दिलें. शेजारच्या ज्ञानवापी विहिरीवरील खांबांचा मंडप दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनीं १८२८ मध्यें बांधला. पूर्वीं येथें येणारी वाट म्हणजे एक चिंचोळी गल्ली होती. दोन माणसें जेमतेम शेजारून जातील, समोरून बैल आला तर भिंतीला चिकटून उभें राहावें लागेल, फुलांचा, ओल्या दगडांचा आणि तळणाच्या तुपाचा वास एकत्र येईल, अशी ती वाट. आणि तिच्या टोंकाला, दिसण्यापूर्वीं घंटेच्या आवाजानें कळणारें देऊळ. २०१९ मध्यें काम सुरू झालें व १३ डिसेंबर २०२१ रोजीं नव्या विस्तीर्ण प्रांगणाचें उद्घाटन झालें. त्यासाठीं तीनशेंहून अधिक घरें व इमारती विकत घेऊन काढण्यांत आल्या. घरांच्या भिंतींत दडलेलीं कित्येक लहान देवळें त्या वेळीं उघडीं पडलीं. आतां गंगेवरून वर आलेला भाविक सरळ देवळाचें शिखर पाहूं शकतो. म्हाताऱ्या माणसाला बसावयास जागा आहे, चेंगराचेंगरीची भीति कमी झाली आहे, आणि अहिल्याबाईंचा पुतळाहि तेथें बसविलेला आहे.

ह्या बदलाबद्दल काशीकरांत दोन मतें आहेत, आणि तीं ऐकून घेण्यासारखीं आहेत. एक मत म्हणतें, देवाचा श्वास मोकळा झाला. दुसरें म्हणतें, ज्या गल्ल्यांत पिढ्यान्-पिढ्या माणसें राहिलीं त्या गल्ल्या हेंच काशीचें शरीर होतें. तें कापून देव मोकळा करणें हा कसला उपाय? नारायणभट्टांच्या निर्णयाचा येथें दोन्हीं पक्षांना उपयोग करतां येतो. जागा पूज्य आहे असें म्हटलें म्हणजे इमारत बदलण्यास हरकत उरत नाहीं. परंतु मग जागा म्हणजे किती, गाभारा, कीं गल्ली, कीं गल्लींतलें बिऱ्हाडहि, हा प्रश्न उरतोच. यात्रेकरूनें त्याचा निकाल लावण्याची गरज नाहीं. पण ज्या मोकळ्या फरशीवर तो उभा आहे तेथें एके काळीं कोणाची तरी चूल पेटत होती, एवढें त्यानें मनांत ठेवावें.

पुन्हा नावेंत आल्यावर मणिकर्णिका लागते. लांकडांचे ढीग, धुरानें काळवंडलेल्या भिंती, आणि दिवसरात्र न विझणाऱ्या चिता. अग्नि येथें डोम समाजाकडून घ्यावा लागतो; राजालाहि त्याला अपवाद नाहीं. पुराच्या दिवसांत पाणी चढलें म्हणजे दहनाची जागा वरच्या गच्चीवर जाते, पण काम बंद होत नाहीं. नवखा प्रवासी येथें एकतर मान फिरवितो, नाहींतर डोळे फाडून पाहतो. दोन्हीं अनुचित. प्रत्येक चितेपाशीं एका घरचें सर्वस्व जळत असतें. तेथें छायाचित्रें घेणें म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर न विचारतां चढणें आहे. काशीवासासाठीं, म्हणजे काशींत मरण यावें म्हणून, महाराष्ट्रांतून येऊन राहिलेलीं कित्येक माणसें ह्याच घाटावर शेवटचीं पोंचलीं. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. घरानें वाटा नाकारला म्हणून कित्येकींच्या नशिबीं हें पुण्य आलें, हेंहि विसरूं नये.

मणिकर्णिकेला लागून शिंद्यांचा घाट आहे. बायजाबाई शिंद्यांनीं १८३० च्या सुमारास येथें प्रचंड बांधकाम आरंभिलें. दगडांचें ओझें नदीकांठच्या मातीला पेललें नाहीं आणि घाट खचला. त्याच्या टोंकाशीं रत्नेश्वराचें देऊळ एका अंगाला कललेलें, गाभाऱ्यांत वर्षाचे बरेच महिने पाणी भरलेलें, असें अद्यापि उभें आहे. आईच्या ऋणांतून मुक्त झालों असें म्हणणाऱ्या मुलाचें हें देऊळ कललें, अशी लोककथा तेथील नावाडी सांगतात. कथा सुंदर आहे. परंतु स्थापत्याचा धडाहि तितकाच खरा आहे. पावसाळ्यांत पाणी चढतें तेव्हां कांठाच्या मातींत मुरतें. पूर ओसरला म्हणजे तें बाहेर येऊं लागतें आणि माती सैल होते. वर भार जितका अधिक, तितका धोका मोठा. गंगेच्या कांठीं बांधणाऱ्याला नदीशीं करार करावा लागतो, आणि त्या कराराच्या अटी नदी ठरविते.

भोसल्यांच्या घाटावरून पुढें बाळाजीचें देऊळ येतें. शहनाईवादक बिस्मिल्ला खां यांनीं लहानपणीं व तारुण्यांत ह्या देवळांत रियाज केला. पांचांही वेळचा नमाज पढणारा हा कलावंत बाळाजीच्या दारांत बसून सूर लावी आणि गंगेला आपली म्हणे. २००१ मध्यें त्यांना भारतरत्न मिळालें. २००६ मध्यें ते काशींतच वारले. काशी म्हणजे केवळ पंडितांचें गांव अशी ज्याची समजूत असेल, त्यानें मदनपुऱ्याच्या विणकर मोहल्ल्यांत एक फेरी मारावी. यात्रेकरू घरीं नेतो तो शालू तेथील मुसलमान कारागिरांच्या मागावर विणलेला असतो. आणि विणकराच्या घरीं वाढलेला कबीर ह्याच शहराचा.

पंचगंगा हा प्राचीन तीर्थांपैकीं एक घाट. १६६५ मध्यें फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानें येथील बिंदुमाधवाचें भव्य देऊळ पाहून त्याचें वर्णन लिहिलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत तें गेलें व तेथें मशीद झाली. तिचे उंच मिनार शेंदोनशें वर्षें काशीच्या प्रत्येक चित्रांत दिसत. आज तेहि नाहींत. बिंदुमाधवाचें हल्लींचें साधें देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनीं बांधून दिलें. घाटावर अहिल्याबाईंची दगडी दीपमाळ आहे. कार्तिकांत येथें वेळूच्या उंच काठ्यांवर टोपल्यांतून आकाशदिवे टांगतात. कार्तिकी पौर्णिमेचा दिवस मराठी माणसाला आणखी एका कारणासाठीं आठवावा. शके १४९५, म्हणजे सन १५७३ मध्यें, त्याच तिथीला एकनाथांनीं आपली भागवताची टीका पुरी केली, ती काशींत. देवभाषा सोडून मराठींत भागवत लिहिल्याबद्दल पंडितांनीं प्रथम आक्षेप घेतला व शेवटीं ग्रंथाचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. पैठणच्या एका घराण्यानें काशीला संस्कृत विद्येचें वैभव दिलें, आणि त्याच पैठणच्या दुसऱ्या पुरुषानें काशीकडून मराठीला मान मिळवून दिला.

ह्या पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागांतील गल्ल्यांत मराठी कुटुंबें पिढ्यान्-पिढ्या नांदलीं. दुसऱ्या बाजीरावाचे बंधु चिमाजी आप्पा पेशवाई गेल्यावर काशींत येऊन राहिले. त्यांच्या पदरीं असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मनू हिचा जन्म काशींतच झाला. पुढें जग तिला झांशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून ओळखूं लागलें.

आदिकेशवापाशीं, जेथें वरणा मिळते तेथें, नावेचा प्रवास संपतो. त्याआधीं १८८७ साली बांधलेला पूल डोक्यावरून जातो. येथून सारनाथ जवळ आहे, आणि तें पाहिल्यावांचून काशी पुरती पाहिली असें होत नाहीं. बुद्धानें पहिला उपदेश जेथें केला त्या ह्या जागेची कहाणी काशीच्या कहाणीची उलट बाजू आहे. १७९४ मध्यें काशीच्या दिवाणाच्या, जगतसिंगाच्या, माणसांनीं बाजार बांधण्यास विटा हव्या म्हणून येथील धर्मराजिका स्तूप फोडला. आंत दगडी पेटी व तींत अस्थि सांपडल्या. त्या गंगेंत सोडून देण्यांत आल्या. हेतु वाईट नव्हता; अज्ञान मात्र होतें. कंपनीचा त्या वेळचा काशींतील अधिकारी जोनाथन डंकन यानें ही हकीकत लिहून ठेविली म्हणून ती कळली. ह्याच डंकननें १७९१ मध्यें काशींत संस्कृत पाठशाळा स्थापिली होती आणि पुढें तो मुंबईचा गव्हर्नर झाला. १९०५ मध्यें सारनाथच्या उत्खननांत अशोकाच्या स्तंभाचें सिंहशीर्ष निघालें. तेंच आज भारताचें राजचिन्ह. काशींत जागेची आठवण टिकली म्हणून देवळें पुन्हा झालीं. सारनाथांत आठवणच बुजली, म्हणून स्तूप विटांची खाण झाला.

परततांना शहरांतील भारतमातेचें मंदिर अवश्य पाहावें. त्यांत मूर्ति नाहीं. जमिनीवर संगमरवरांत कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. डोंगर, नद्या, पठारें, सर्व प्रमाणानें. शिवप्रसाद गुप्त यांनीं तें बांधविलें व १९३६ मध्यें गांधीजींच्या हस्तें तें उघडलें गेलें. ही कल्पना गुप्तांना सुचली ती पुण्याजवळ, अण्णासाहेब कर्व्यांच्या विधवाश्रमांत जमिनीवर केलेला नकाशा पाहून. घरानें नाकारलेल्या स्त्रिया एके काळीं काशीला पाठविल्या जात. त्याच स्त्रियांसाठीं पुण्यास उभारलेल्या आश्रमांतून काशीला एक देऊळ मिळालें. काशीशीं असलेल्या मराठी नात्यांत याहून बोलकें नातें दुसरें नाहीं.

काशीस गेल्यावर आवडीची एखादी वस्तु सोडावी अशी चाल आहे. बहुतेक लोक शहाणपणानें कारलें किंवा दुध्या भोपळा सोडतात. ज्याला खरोखरच कांहीं सोडावयाचें असेल त्यानें घाई सोडावी. दोन दिवसांच्या जागीं चार दिवस काढावे. एक पहाट केवळ घाटांचीं नांवें वाचण्यासाठीं ठेवावी, आणि बरोबर मुलेंबाळें असतील तर त्यांच्याकडून तीं मोठ्यानें वाचवून घ्यावीं. दगड खचतो, शिखर पडतें, गल्लीहि जाते. जी गोष्ट सांगणारा कोणी उरत नाहीं तिची मात्र सारनाथासारखी गत होते.

दर वर्षीं पावसाळ्यांत गंगा हे सारे घाट गिळते. आश्विनांत पाणी उतरतें तेव्हां पायऱ्या दिसत नाहींत. पुरुषभर गाळ साचलेला असतो. मग माणसें पाण्याच्या नळ्या व फावडीं घेऊन येतात, आणि कित्येक दिवस तो गाळ धुवून पुन्हा नदींत लोटीत राहतात. एक पायरी उघडी होते, मग दुसरी, मग तिसरी. कार्तिकी पौर्णिमेच्या आंत दिव्यांसाठीं पायऱ्या मोकळ्या व्हाव्या लागतात, आणि त्या होतात. मुंजींत अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या बटूनें मोठेपणीं जावें तें ह्या दिवसांत.